गाडी डॉक्टरांची होती म्हणे

आधीच सांगतो, मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे. अठरा वर्षं झाली. लोकांची आरसी, विमा, बँकेची एनओसी, सही जुळते की नाही, हेच बघायचा पगार घेतो. तरी जुनी गाडी घेताना मीच फसलो. ही लाज पहिल्याच ओळीत उरकून टाकली. हसायचं ते हसून घ्या.

सात सीटर हवी होती. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आई, आम्ही दोघं, दोन पोरं, आणि वर्षातले आठ महिने आमच्याकडे असणारी आत्या. अल्टोत एवढी माणसं कोंबून देवाला जायचं म्हणजे देवापेक्षा जास्त पुण्य आम्हालाच लागायचं. नवी एर्टिगा अकरा-बारा लाखांच्या घरात जात होती, म्हणून जुनी बघायची ठरली. दोन महिने रोज रात्री मोबाइलवर गाड्या बघत होतो. मेव्हण्याचं गॅरेज आहे. त्याला बरोबर न्यायला हवं होतं, नेलं नाही. मागच्या दिवाळीत आमचं जरा वाजलं होतं, आणि गाडी घ्यायला तो कशाला, मला काय कळत नाही का, अशी मस्ती.

जून २०२५. पुण्यात महामार्गालगतचा जुन्या गाड्यांचा एक यार्ड. एर्टिगा, डिझेल, २०१७ची, पांढरी, रनिंग ६८,४००. सांगितले ७ लाख १० हजार. यार्डवाला गोड माणूस. "साहेब, डॉक्टरांची गाडी. दवाखाना ते बंगला, बंगला ते दवाखाना. वर्षातून एकदा शिर्डी." चहा आला. मी कागद मागितले, तर त्यानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेली फाइलच पुढे केली. आरसी, चालू विमा, पीयूसी, कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी, बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाव बदलायचे मालकाच्या सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०. मी सरकारच्या परिवहन वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून पाहिला, बोजा नाही. ई-चलान पाहिलं, एकही बाकी नाही. इंजिन आणि चॅसिस नंबर मोबाइलच्या उजेडात वाचून जुळवले. एवढं कोण करतं सांगा! कागद खरे होते, आजही खरेच आहेत. गाडी माझ्या नावावर झालेली आहे. मला कागदांनी फसवलं नाही. मी कागदच बघत बसलो, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं.

आता ती जागा सांगतो, जिच्यापायी मला अजून रात्री जाग येते.

ड्रायव्हर सीटवर बसलो होतो. मोबाइल हातातून निसटून पायाशी गेला. वाकून टॉर्च लावला. समोर तीन पेडल. क्लचचं रबर कोरं करकरीत, रेघा उठून दिसतायत. शेजारचं ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत, आणि उजव्या कोपऱ्यात तर रबर संपून आतलं लोखंड चमकत होतं. अडुसष्ट हजारांत ब्रेकचं रबर लोखंडाला लागत नाही. आमच्या अल्टोचं एक लाख वीस हजारांनंतरही शाबूत आहे. हे मला तेव्हा माहीत होतं. तिथंच, वाकलेल्या अवस्थेत माहीत होतं. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "डॉक्टर सँडल घालून चालवायचे हो साहेब, टाचेनं घासतं." आणि मी "हां, होतं असं" म्हणालो. मी म्हणालो! त्याला पटवायची गरजच पडली नाही, त्याचं काम मीच केलं.

का म्हणालो? कारण तोवर २५,००० टोकन फोनवरून गेलेलं होतं. "संगमनेरची पार्टी निघालीय, चाकणपर्यंत आलीय" हे ऐकून दिलेलं. हे संगमनेरवाले कधीच पोचत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही होतं. पण टोकन गेलं की माणूस गाडी तपासायची सोडून आपला निर्णय कसा बरोबर होता ते शोधायला लागतो.

सौदा ६,५०,००० ला ठरला. २५,००० टोकन, ४,३५,००० आरटीजीएस, आणि १,९०,००० रोख. रोख का? "कागदावर चार साठ दाखवू, सगळ्यांना बरं पडतं." दोन लाखांची रोख घेणाऱ्याला प्राप्तिकराचा दंड बसतो, म्हणून दोनच्या आत. हे मीच ग्राहकांना समजावून सांगत असतो. तरी आईची ठेव मोडून दिले. वर नावावर करायचे १५,००० रोख, तेही बिनपावतीचे. ५०० च्या बाँडवर करारनामा. त्यात बारीक अक्षरात एक ओळ: 'गाडी आहे त्या स्थितीत पाहून, चालवून घेतली असून रनिंगबाबत देणाऱ्याची कोणतीही हमी नाही.' ती मी वाचली. सगळेच लिहितात, म्हणून सही केली. आणि 'देणारा' म्हणून सही कुणाची, तर आरसीवरच्या मालकाची. यार्डवाला साक्षीदार! पैसे त्यानं घेतले, कागदावर तो नुसता साक्षीदार. कुणी यार्डातून घेणार असाल तर यार्डाच्या नावाची पावती हातात आल्याशिवाय रुपया सोडू नका.

घरी येताना खंबाटकी चढताना मागे काळा धूर. बायको म्हणाली, ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हता.

महिन्याभरात क्लच घसरायला लागला, टर्बो शिट्टी मारायला लागला. तरी मी गप्प. जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार निघणारच, असं घरच्यांना सांगत होतो.

श्रावणात शिखर शिंगणापूरला निघालो. धो धो पाऊस, आत्याला थंडी वाजते म्हणून एसी बंद, सात जणांचा श्वास, काचा धुरकटल्या. मागच्या सीटवरून धाकटा ओरडला, "बाबा, काचेवर अक्षरं आलीत!" आरशात बघितलं तर पुसट काहीतरी. गाडी बाजूला घेतली, पावसात उतरून मागं गेलो. स्टिकर खरवडून काढला तरी गोंदाचा थर काचेला राहतो, आणि तिथं वाफ धरत नाही. वाफ नसलेल्या जागेत स्वच्छ वाचता येत होतं: 'गाडी भाड्याने मिळेल'. खाली मोबाइल नंबर. दहाच्या दहा आकडे.

तिथंच उभं राहून फोन लावला. उचलून समोरचा म्हणाला, "बोला दादा, कुठं जायचंय? किती माणसं?"

डॉक्टर कुठले? गाडी पाच वर्षं टी परमिटवर, म्हणजे टुरिस्ट परमिटवर, भाड्यानं पळत होती. पिवळी पाटी. मुंबई एअरपोर्ट, कोकण, अष्टविनायक. नंतर परमिट सरेंडर करून, कर भरून, पांढऱ्या पाटीवर आणली आणि विकली. हे सगळं कायदेशीर आहे बरं का, त्यात गुन्हा काहीच नाही. आरसीवर आत्ताच्या मालकाचं नाव असतं, आधी गाडी कुणाच्या पोटासाठी पळाली ते तिथं छापलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सर्व्हिस हिस्ट्री काढली. दहा मिनिटांचं काम. फेब्रुवारी २०२२ ची शेवटची नोंद: २,११,३४० किलोमीटर. माझ्या मीटरवर तीन वर्षांनंतर ६८,४००! हे दहा मिनिटांचं काम टोकनच्या आधी करा. यार्डवाला "हिस्ट्री मिळत नाही, बाहेर सर्व्हिस केलीय" म्हणाला, तर तोच जबाब समजा.

मग मेव्हण्याकडे गेलो. गप्प बसून बॉनेट उघडलं त्यानं. वायरिंगमधून दोन कापलेल्या, काळी टेप गुंडाळलेल्या वायरी ओढून दाखवल्या. "गव्हर्नरच्या. भाड्याच्या गाडीला ऐंशीच्या वर पळू न देणारा स्पीड गव्हर्नर असतो दाजी." एवढंच बोलला. वाजलेल्या दिवाळीचा विषय काढला नाही, तेच जास्त लागलं. क्लच, टर्बो, इंजेक्टर, पुढचं सस्पेन्शन मिळून ९४,६००, त्यात त्यानं मजुरी धरलेली नाही. म्हणजे आजवर ७,५९,६००.

यार्डवाल्याला फोन केला. "साहेब, मी तर साक्षीदार आहे. मालकाशी बोला." मालक म्हणाला, "मी सहा महिने वापरली, घेतली तशीच दिली."

आता सरकारी दारं. आमच्या ठाण्यात म्हणाले, व्यवहार पुण्यात झाला, तिकडं जा. झिरो एफआयआर कुठंही घेता येतो, असं म्हणालो, तर ठाणे अंमलदार म्हणाले, "वकील आहात का?" रजा टाकून पुण्यात गेलो. अडीच तास बाकावर. हवालदारानं फाइल चाळली. "कागद तर सगळे ओके आहेत तुमचे! गाडी तुमच्या नावावर आहे. हा दिवाणी वाद आहे." भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे, असं म्हणालो. "किती दिले?" साडेसहा. "इथं चार साठ लिहिलंय. बाकीचे कुठं आहेत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना. शिक्का तिसऱ्या खेपेला सापडला. प्रत्येक खेप एक रजा, एक हजाराचं डिझेल, त्याच गाडीनं.

आरटीओत गेलो. "किलोमीटरची नोंद आमच्याकडे नसते." बरं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, त्या यार्डाकडे ते आहे का एवढं तरी सांगा. एका खिडकीनं दुसरीकडे धाडलं, दुसरीनं जेवणाची सुट्टी सांगितली, तिसरीतला म्हणाला, माहितीचा अधिकार टाका. टाकला. उत्तर आलं की माहिती दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित आहे. नियम करतात ते कुणासाठी? मीटर मागे घेणारे हजार-दोन हजारांत राजरोस करून देतात, आणि ज्याचं मीटर मागे नेलं तो खिडक्या मोजत फिरतो. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पंचवीस दिवसांनी 'समोरच्या पक्षाने प्रतिसाद दिला नाही' म्हणून तक्रार बंद. प्रतिसाद दिला नाही म्हणून तर तक्रार केली होती ना!

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कागदावर चार साठ, त्यामुळे मला फी शून्य. एवढा एकच फायदा त्या रोखीचा. वकील म्हणतात, यार्डवाल्याला पक्षकार करता येईल, आरटीजीएस त्याच्या खात्यात गेलाय म्हणून. तेव्हा खातं कुणाचं आहे ते नीट बघा, आणि बोलणं फोनवर नको, व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. "६८ हजार ओरिजिनल" हे त्याचं एक वाक्य माझ्याकडे लेखी आहे. त्यावरच सगळी भिस्त. भाड्याच्या गाडीवाल्यालाही म्हटलं, दादा, दोन ओळी लिहून द्याल का? "बघू की" म्हणाला. तेव्हापासून फोन उचलत नाही.

आणखी एक. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, बेल्टच्या लेबलवर बनल्याची तारीख असते, ती गाडीच्या सालाशी जुळते का बघा. स्टिअरिंगचं कव्हर काढायला लावा, खालची झीज दिसते; नाही म्हणाला तर उठा. आणि भांडण झालेलं असलं तरी मेव्हण्याला न्या.

परवा रात्री सवयीनं पुन्हा मोबाइलवर गाड्या बघत होतो. त्याच यार्डाची जाहिरात आली. एर्टिगा, २०१८, पांढरी, रनिंग ७१,०००, डॉक्टरांची गाडी. ड्रायव्हरच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला. पेडल दिसत नाहीत. वर्तमानपत्र अंथरलंय.