दहा बारचं गेज आणि एक बारचं काम: एअरब्रशचा कॉम्प्रेसर आठ महिने वापरल्यावर

टाकी रिकामी, बटण बंद, नळी काढून बाजूला ठेवलेली. तरी दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्या बारवर निवांत उभा. टिचकी मारली, हलला नाही. आज लिहायला बसलोय ते या काट्यापायी.

मॉडेल विमानं रंगवायच्या एअरब्रशला, म्हणजे रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या साधनाला, हवा पुरवणारं यंत्र नेहमीचंच: एक पिस्टन, तीन लिटरची टाकी, तीन बारला मोटर सुरू, चारला बंद. मोटरबद्दल तक्रार नाही. टाकीमुळे हवा धडधडत येत नाही, आवाजही बेताचा. हवेतलं पाणी अडवणाऱ्या ट्रॅपमधलं आणि टाकीतलं पाणी काढायचा कंटाळा केला नाही, तर बाकी काही बघावं लागत नाही. आता गेजकडे येतो.

गेजची पट्टी शून्य ते दहा बार. आपलं काम चालतं साधारण ०.७ ते २ बारमध्ये, म्हणजे दाबाच्या दुसऱ्या मापात १० ते ३० पीएसआय. मोटर स्वतःच चारच्या वर जात नाही, मग पुढचे सहा बार छापलेत कोणासाठी? ट्रकच्या टायरसाठी? आपला सगळा संसार खालच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत, आणि त्यातले दोन पीएसआय काट्याच्या जाडीखालीच झाकले जातात. शिवाय अशा गेजची अचूकता पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत धरतात. २.५ टक्केवाल्या गेजला दहा बारवर पाव बारची चूक माफ. पाव बार म्हणजे साडेतीन पीएसआय! १५ वर काम करणाऱ्याच्या दाबाचा जवळजवळ चौथा हिस्सा.

सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘एवढा फरक चालतो.’ बंद यंत्रावर अर्धा बार कसा काय चालतो, असं विचारलं, तर म्हणे अख्खं यंत्र पॅक करून पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. एवढ्याशा चकतीसाठी ते लोखंडी धूड पाठवायचं? सोडा. शून्य ते चार बारचं छोटं गेज आणलं, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळला आणि नळीच्या एअरब्रशकडच्या टोकाला टी-जोडावर बसवून टाकलं.

जुना काटा २० पीएसआय दाखवत होता तेव्हा नवा १३. आणखी शिव्या घालायला मुद्दा मिळाला म्हणून खूश झालो. मग एअरब्रशचा ट्रिगर दाबला आणि १३ चे ९ झाले.

हे चार मात्र गेजच्या खात्यात टाकता येईनात. आठ महिने मी ट्रिगर बंद ठेवून दाब लावत होतो. हवा वाहू लागली की नळी, दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर, जोड सगळेच आपापला वाटा खातात. आकडा वाचायचा तो हवा वाहत असताना. हे कुठेतरी वाचलं होतं, पण ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून सोडून दिलं होतं. ज्या वाक्यासाठी सर्व्हिसवाल्यांवर चिडलो, तेच.

मग मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाच्या १/७२ मापाच्या मॉडेलवरचे ठिपके आठवले. विमानाच्या कुशीवर करड्या रंगाचे धूसर डाग हवे होते. गेजवर १२ लावले, एअरब्रश थुंकायला लागला. रंग जाड असेल म्हणून थिनर वाढवलं. तरी थुंकतोय म्हणून दाब वाढवला, तेही नोझल पृष्ठभागापासून सेंटीमीटरभर असताना. पातळ रंग आणि जवळून जोराची हवा: प्रत्येक ठिपक्याला कोळ्यासारखे पाय फुटले. तेव्हा दोष रंगाला दिला होता. खरं म्हणजे १२ समजून मी पाच-सहावर मारत असणार. एवढ्या हवेला तो रंग कपातून नीट ओढताही येत नव्हता, बारीक तुषारांत फोडणं तर लांबच.

आता ०.३ मिमीच्या नोझलवर, ट्रिगर दाबून वाचलेले माझे पीएसआयमधले आकडे. तामियाचा अॅक्रिलिक निम्मा रंग, निम्मं थिनर करून, साध्या थरासाठी १५ ते १८. ठिपके आणि बारीक रेघांसाठी थिनर आणखी वाढवून १० ते १२. अल्क्लॅडसारखे धातूचे लॅकर तसेच पातळ असतात, त्यांना १२ ते १५ पुरतात. पाण्याच्या प्रायमरला ०.५ चं नोझल आणि २० च्या वर. वायेहो कंपनीच्या रंगावर दाब चढवला की एअरब्रशच्या नीडलच्या टोकाशी रंग सुकून बसतो. लांबून जोरात मारलं तर थेंब वाटेतच वाळतात आणि पंख सँडपेपरसारखा हाताला लागतो.

हे आकडे तसेच उचलू नका, तुमची नळी वेगळी. प्लॅस्टिकचा जुना चमचा घ्या, २० पासून दोन-दोनने उतरत ठिपके मारत जा. ठिपका रवाळ झाला की दोन वर या. उतरताना रेग्युलेटरचा नॉब थोडा जास्तच मागे फिरवा, ट्रिगर दाबून नळीतली हवा सोडा, मग खालून वर चढत हव्या त्या आकड्यावर थांबा. वरून खाली येताना अडकलेली हवा फसवते.

पहिल्या महिन्यात मी या कॉम्प्रेसरला पाच तारे देणार होतो, काटा अडकला त्या रात्री एक. आता चार देतोय, पाचवा गेजने खाल्ला. जुनं गेज काढलं तर तिथून हवा गळेल, म्हणून जागेवरच ठेवलंय. काचेवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवलाय, नाहीतर नजर सवयीने तिकडेच जाते.