डिफेंडर आणि फायरवॉल, घरच्या कॉम्प्युटरवर 8 महिने वापरल्यानंतर

पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरस काढला आणि विंडोजसोबत येतो तो डिफेंडर हा अँटिव्हायरस आणि विंडोजचाच फायरवॉल यावर घरचा कॉम्प्युटर चालवायला लागले, त्याला आता 8 महिने झाले. अँटिव्हायरस कुठला घेऊ असं मला बरेच जण विचारतात म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधी घरचं सांगते म्हणजे संदर्भ लागेल. परळला दोन खोल्यांची जागा, कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत. दुपारी मी बसते, तीन दुकानांचे हिशेब आणि आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचं काम घरून करते. संध्याकाळी मुलाचा प्रोजेक्ट नाहीतर गेम, रात्री नाना म्हणजे सासरे पेन्शन आणि एफडीचं बघतात, आणि रविवारी नवरा. चार माणसं, एक मशीन, आणि त्यातच जीएसटीचे कागद, बँक स्टेटमेंटं, लोकांची पॅन कार्डं. त्यामुळे माझ्यासाठी हा हौसेचा विषय नाहीये, दुसऱ्याचे कागद माझ्याकडे विश्वासाने ठेवलेत.

आधीचा अँटिव्हायरस दोन वर्षं होता. नाव घेत नाही. व्हायरस पकडत नव्हता असं माझं म्हणणं नाही, पण दिवसातून तीन-चार वेळा खालच्या कोपऱ्यात काहीतरी वर यायचं, कधी व्हीपीएन घ्या, कधी रजिस्ट्री साफ करा, कधी तुमचे पासवर्ड धोक्यात आहेत, आणि नाना प्रत्येक वेळी घाबरून मला हाक मारायचे. खरा इशारा कुठला आणि जाहिरात कुठली हे घरात कोणालाच कळेनासं झालं, आणि माझ्या मते सुरक्षेचं याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही. वर ऑटो रिन्यूअलचे पैसे कार्डावरून कापले गेले, पहिल्या वर्षाच्या ऑफरपेक्षा कितीतरी जास्त. त्या दिवशी ठरवलं बस झालं.

काढताना नुसतं अनइन्स्टॉल करू नका, बहुतेक कंपन्यांचं स्वतःचं रिमूव्हल टूल असतं ते चालवा आणि रीस्टार्ट करा, नाहीतर त्याचे ड्रायव्हर म्हणजे आतले छोटे प्रोग्राम मागे राहतात आणि नंतर नेट अडकलं की कारण सापडत नाही. दुसरा अँटिव्हायरस निघाला की डिफेंडर आपोआप चालू होतो. मी विंडोज सिक्युरिटी उघडलं, सगळीकडे हिरवी खूण. मला वाटलं झालं काम.

पण झालं नव्हतं. अँटिव्हायरस खरंच जागा आहे का हे बघायला आयकार नावाची टेस्ट फाइल असते, 68 अक्षरांची एक ओळ, ती अजिबात घातक नाही पण सगळे अँटिव्हायरस ती व्हायरस समजून पकडतात, त्यासाठीच बनवलीय. मी ती ओळ नोटपॅडमध्ये टाकून डेस्कटॉपवर सेव्ह केली, दोन सेकंदात नोटिफिकेशन आलं आणि फाइल गायब. छान. मग तीच ओळ डी ड्राइव्हला सेव्ह केली. काहीच नाही. फाइल तिथेच. उघडली तरी उघडतेय. राइट क्लिक करून स्कॅन केलं तरी काही नाही. माझ्या तर पोटात गोळाच आला, कारण आपल्याकडे सगळ्यांचंच असतं तसं माझंही सगळं काम डी ड्राइव्हला, सी ला विंडोज आणि डी ला जीव.

शोधता शोधता एक्सक्लुजन्स उघडलं, म्हणजे डिफेंडरने काय तपासायचं नाही त्याची यादी. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली. तिथे दोन नोंदी होत्या, एक अख्खा डी ड्राइव्ह आणि दुसरा सी मधला एक फोल्डर. मशीन ज्याने फॉरमॅट करून दिलं होतं त्याने फुकटचं ऑफिस टाकून दिलं होतं, आणि ते ॲक्टिव्हेट करणारं क्रॅक डिफेंडर पकडतो म्हणून त्याने तेवढी जागाच तपासायची नाही असं सांगून ठेवलं होतं, आणि क्रॅकचा सेटअप डी मध्ये म्हणून अख्खा डी. म्हणजे हिरवी खूण दिसतेय आणि माझ्या कामाच्या ड्राइव्हकडे कोणी बघतही नाहीये. दोन्ही नोंदी उडवल्या, क्रॅकवालं ऑफिस काढून विकतचं घेतलं, फुल स्कॅन लावला आणि मग ऑफलाइन स्कॅन, ज्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. क्रॅकच्या त्या फोल्डरमधून दोन वस्तू निघाल्या. बँकेचे सगळे पासवर्ड त्याच रात्री मोबाइलवरून बदलले.

मग एकेक सेटिंग हातात घेतलं. कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, त्याला अडवण्यासाठी आहे, 2017 पासून विंडोज 10 मध्ये आलं, पण आपोआप चालू नसतं, आपणच चालू करायचं. यात ठरावीक फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला बदल करता येत नाही. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे त्यात धरलेले असतात, डी ड्राइव्हवरचे नसतात, ते हाताने टाकावे लागतात, हे विसरलात तर उपयोग शून्य. चालू केल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप अडकला, एरर असा की वाटावं डिस्कच गेली. खरं तर मीच ते सॉफ्टवेअर यादीत टाकलं नव्हतं. तिथेच रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स म्हणून पर्याय आहे, त्यातून परवानगी दिली की झालं. पहिला आठवडा असं चार-पाच वेळा झालं, नंतर शांत. एक लक्षात ठेवा, हे बदल करणं थांबवतं, वाचणं नाही, म्हणजे कोणी फाइल चोरून पाठवत असेल तर याने अडत नाही.

पोटेन्शियली अनवाँटेड ॲपवालं ब्लॉकिंगही चालू करा, फुकट कन्व्हर्टरसोबत जो कचरा येतो तो यात अडतो. आणि टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला गुपचूप डिफेंडर बंद करता येऊ नये म्हणून असतं ते, चालू आहे ना ते बघून घ्या.

पण या सगळ्यात सर्वात जास्त फरक कशाने पडला विचाराल तर अकाउंट वेगळी केल्याने. आधी चौघं एकाच ॲडमिन अकाउंटवर होतो, आता ॲडमिन वेगळं, त्याचा पासवर्ड मला आणि नवऱ्याला माहीत, बाकी सगळे स्टँडर्डवर म्हणजे कमी अधिकारांच्या अकाउंटवर आणि मी स्वतःही रोजचं काम स्टँडर्डवरच करते. मुलाने गेमचा कुठलातरी फुकटचा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारा जोड, उतरवला, तो टाकताना विंडोजने ॲडमिनचा पासवर्ड मागितला, मुलगा मला बोलवायला आला आणि मी स्क्रीनवर बघितलं तर पब्लिशरच्या जागी अननोन. नाही म्हटलं. तो रुसला थोडा, पण आता आधी विचारतो.

फायरवॉलबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ असतो. विंडोजचा फायरवॉल बाहेरून आत येणारं अडवतो, आतून बाहेर जाणारं सहसा जाऊ देतो. त्यामुळे फायरवॉल आहे म्हणजे आत शिरलेला व्हायरस बाहेर काही पाठवणार नाही असं धरून चालू नका. पण आत येणारं अडवणं हेही लहान काम नाही, मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर पसरला तो फाइल शेअरिंगच्या 445 नंबरच्या पोर्टमधूनच, म्हणजे नेटवर्कच्या त्या दारातून, कोणी काही क्लिक न करता एका मशीनमधून दुसऱ्यात, आणि त्याचा पॅच म्हणजे दुरुस्तीचा अपडेट दोन महिने आधी मार्चमध्येच आलेला होता. म्हणून अपडेट टाळू नका. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, माझ्या मशीनचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा म्हणून विंडोज 11 चाललं.

मी आधी सेटिंगमध्ये घरचं वायफाय पब्लिक नेटवर्क, म्हणजे परक्या जागेचं नेट, असं करून टाकलं, जास्त सेफ म्हणून. प्रिंट निघत होती पण प्रिंटरवरून केलेलं स्कॅन कॉम्प्युटरवर येईना. मग प्रायव्हेट केलं, आणि फायरवॉलमधली अलाऊ ॲन ॲपची यादी उघडून ओळखीचं नाही त्याची टिक काढली, पब्लिकच्या रकान्यातली तर जवळजवळ सगळीच. कुठलाही प्रोग्राम परवानगी मागतो तेव्हा फायरवॉल खिडकीत विचारतो प्रायव्हेट की पब्लिक, तिथे पब्लिकला हात लावू नका. आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला, नेट जोडणाऱ्या मुलाने आमचा तसाच ठेवला होता.

दोन प्रसंग सांगते. पहिला, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह देऊन आणला. तिथे सगळेच देतात, दिवसभरात पन्नास पेन ड्राइव्ह त्या एका मशीनला लागतात. घरी लावला तर फोल्डरच्या नावाचे सगळे शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण, प्रत्येकाची साइझ 2 केबी. एकावरही क्लिक केलं नाही, राइट क्लिक करून स्कॅन केला आणि डिफेंडरने ते उचलले. खरे फोल्डर कुठेही गेलेले नसतात, हिडन आणि सिस्टिम करून लपवलेले असतात, त्यामुळे नुसतं हिडन आयटम्स दाखवा करून भागत नाही, ॲट्रिब या फाइलींचं लपवणं काढणाऱ्या कमांडने परत आणले. आता मी झेरॉक्सला फक्त पीडीएफ असलेला वेगळा पेन ड्राइव्ह नेते.

दुसरा प्रसंग नानांचा. रात्री साडेनऊ, मी ओट्याशी, आणि बाहेरून सायरनसारखा आवाज. “अगं, हे बघ, कॉम्प्युटर लॉक झाला म्हणतोय!” पूर्ण स्क्रीन निळी, मोठा फोन नंबर, बंद करू नका नाहीतर डेटा जाईल, आणि नानांच्या हातात मोबाइल, सहा आकडे दाबून झालेले. “नाना, आधी फोन ठेवा.” कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, संपलं. तो व्हायरस नव्हताच, नुसतं वेबपेज होतं. फोन लागला असता तर पलीकडच्याने रिमोटवालं, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर चालवता येणारं, ॲप टाकायला लावलं असतं, आणि नानांनी स्वतःच्या हाताने टाकलं असतं तर डिफेंडर काय की महागातला अँटिव्हायरस काय, ते तर नेहमीचं खरं ॲप, कोण अडवणार. नंतर ब्राउझरच्या नोटिफिकेशनची यादी बघितली तर नानांनी अकरा साइट्सना अलाऊ करून ठेवलेलं, सगळं काढलं आणि विचारायचंच नाही असं सेटिंग केलं. सायबर फ्रॉडचा 1930 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून नानांनी स्वतः मॉनिटरखाली चिकटवलाय, पैसे गेले तर पहिला फोन तिथे.

स्पीडचं म्हणाल तर आधीपेक्षा बरा आहे, पण फुल स्कॅन चालू असला की जाणवतं, मी तो शनिवारी रात्री लावून झोपते. त्याच वेळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेते आणि डिस्क काढून कपाटात, कारण लावलेली ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही धरतं.

विकतचा घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. मुलांवर वेळेचं आणि साइट्सचं बंधन हवं, किंवा अडलं की फोनवर समजावणारं माणूस हवं, तर घ्या, आपल्याकडेही पुण्यात काटकर बंधूंनी उभं केलेलं क्विक हील आहे. फक्त घ्यायच्या आधी एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्हज या लॅबचे रिपोर्ट बघा आणि त्यात नुसतं पकडण्याचं नाही तर मशीन किती स्लो होतं आणि चांगली फाइल चुकून किती वेळा पकडतो तेही बघा. आणि दोन अँटिव्हायरस एकावर एक टाकू नका, दोघं एकमेकांच्याच वाटेत येतात.

येत्या रविवारी नणंदेकडे मुलुंडला जायचंय, तिचा लॅपटॉपही त्याच माणसाने फॉरमॅट करून दिलाय. सगळ्यात आधी तिचं एक्सक्लुजन्स उघडून बघणार आहे.