परवाना की डीएनए चाचणी?

कॅरिबियन बेटांपैकी त्रिनिदादला गेलेल्या पणजोबांचे भारतातील गाव शोधताना आधी डीएनए चाचणी करावी की जुनी कागदपत्रे पाहावीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. १८४५ ते १९१७ या काळात गेलेल्या करारबद्ध मजुराच्या स्थलांतर-परवान्यावर वडिलांचे नाव, जात, जिल्हा, पोलीस ठाणे आणि गाव नोंदलेले असे. मात्र कारकुनाने ऐकले तसे लिहिल्यामुळे नावांची रूपे बदलली आहेत, म्हणून या शोधाला मोठी चिकाटी लागते. खर्च फारसा येत नाही. चाचणीला श्रम कमी, पैसे जास्त. शिवाय ती गाव सांगत नाही, केवळ चाचणी केलेले नातलग जुळवते. गाव हवे असल्यास परवानाच शोधावा. त्रिनिदादमधील आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांची स्थिती अधिक क्लेशकारक आहे: गुलामांच्या नोंदवह्यांतून पूर्वजांचा माग काढणे अवघड असते, त्यामुळे तिथे चाचणीचा आधार अधिक मोलाचा ठरतो.