एलएसआय ९२११-८आय: कार्ड दणकट, पण बूट होताना थांबवतं

घरच्या एनएएसला (नेटवर्कवरून फाइल साठवणाऱ्या मशीनला) आठ सॅटा डिस्क जोडायच्या असतील तर सेकंडहँड बाजारात मिळणारं हे एचबीए कार्ड, म्हणजे मदरबोर्डला जादा डिस्क जोडून देणारं कार्ड, आजही घ्यावं असंच आहे. सॅस२००८ चिप, पीसीआयई २.० एक्स८, प्रत्येक पोर्टला ६ गिगाबिट. हार्डडिस्कला एवढं भरपूर झालं. खटकतं ते एकच. मशीन चालू केलं की स्क्रीनवर 'इनिशियलायझिंग' येतं आणि गाडी तिथंच अडते.

हा वेळ कार्डावरचा ऑप्शन रॉम, म्हणजे कार्डातच साठवलेला छोटा प्रोग्रॅम, खातो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीच तो कार्ड जागं करतो, कुठल्या पोर्टवर काय लावलंय ते तपासतो आणि डिस्क पूर्ण वेगाला येईपर्यंत वाट बघतो. ३.५ इंची डिस्कला त्यासाठी दहाएक सेकंद सहज लागतात. शिवाय डिस्क एकेक करून उठवायच्या ठरवल्या आणि मधे २ सेकंद ठेवले, तर आठवीची पाळीच १४ सेकंदांनी येते. त्यामागे कारण आहे. फिरायला लागताना एक डिस्क १२ व्होल्टवर २ ॲम्पिअरच्या आसपास ओढते. आठही एकदम उठल्या की १६ ॲम्पिअर, आणि हलका एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) मान टाकतो. मात्र सॅटा पॉवरची ११ नंबरची पिन एसएमपीएसकडूनच ग्राउंड असेल, तर वीज येताच सगळ्या डिस्क फिरू लागतात आणि कार्डाची ती वाट बघणं फुकट जातं. मग कंट्रोल-सी दाबून कार्डाच्या सेटअपमध्ये ते अंतर कमी करावं.

या डिस्कवरून बूट करायचंच नसेल तर रॉम हवाच कशाला? मदरबोर्डच्या बायॉसमध्ये त्या स्लॉटचा ऑप्शन रॉम डिसेबल करा. ती सोय नसेल तर फ्लॅश पुसून आयटी मोडचं (रेड न करता डिस्क थेट सिस्टिमला दाखवणारं) २०.००.०७.०० फर्मवेअर टाका आणि सोबतची बायॉस फाइल, म्हणजे हाच ऑप्शन रॉम, चढवूच नका. त्याआधी सॅस ॲड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. पुसल्यानंतर नवं फर्मवेअर चढेपर्यंत रीस्टार्ट अजिबात करू नका. लिनक्सचा एमपीटी३सॅस ड्रायव्हर रॉमशिवायही डिस्क शोधतो.

थांबणं अचानक वाढलं तर मात्र संशय डिस्कवर किंवा केबलवर घ्या. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) १९९ चा, म्हणजे डेटा पाठवतानाच्या चुकांचा आकडा चढत असेल तर बहुधा केबल, १९७ चा, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा चढत असेल तर डिस्क.

केबल घेताना 'फॉरवर्ड ब्रेकआउट'च (कार्डाच्या एका सॉकेटमधून चार डिस्ककडे जाणारी) मागा. रिव्हर्स दिसते तशीच, पण चालत नाही. आणि हीटसिंकवर छोटा पंखा लावाच. सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेलं हे कार्ड साध्या कॅबिनेटमध्ये फार तापतं.