आधी शब्द की आधी चाल?

गाणं करायला बसलं की पहिला प्रश्न हाच. मराठीत दोन्ही वाटा मळलेल्या आहेत.

शब्द आधी असले, तर चालीला अर्थाचा आधार मिळतो. गीतरामायण तसंच घडलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी ग. दि. माडगूळकर गीत लिहीत आणि सुधीर फडके त्याला चाल देत. अशी ५६ गीतं झाली. प्रसंग, बोलणारं पात्र, त्याची मनःस्थिती सगळं ओळींतच होतं. राग आणि लय त्यातून निवडता आली. अडचण एवढीच, की वृत्तात चोख बसलेली कविता चालीलाही त्याच ठेक्यात अडकवू पाहते.

मराठी रंगभूमीवर चाल आधी ही पद्धत त्याच्या कितीतरी आधी रुळली होती. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचा (रागदारीतल्या बंदिशीचा) किंवा पदाचा उल्लेख दिसतो, कारण पद त्या सुरावटीवर बेतलेलं असे. यात सुरावट मोकळी फिरते, मुखडा चटकन कानात बसतो. कसोटी लागते ती गीतकाराची. लांबवलेल्या सुरावर ‘आ’सारखा उघडा स्वर हवा, द्रुत जागेवर जोडाक्षर नको, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘आणि’ किंवा ‘तर’ आलेलं तर मला अजिबात सहन होत नाही. ऱ्हस्व अक्षर ताणलं गेलं की शब्दच मोडतो.

म्हणून भावगीत, अभंग, गझल यांत मी शब्दांच्याच बाजूनं. नाचाचं, ठेक्याचं गाणं असेल तर चाल आधी बांधावी, मात्र गीतकाराला नुसत्या मात्रा मोजून देऊ नयेत. डमी, म्हणजे तात्पुरत्या शब्दांवर गाऊन, रेकॉर्ड करून द्यावी.