ज्युपिटर-3 की कॅनन 50 मिमी 1.4: रेंजफाइंडरवर कुठली जुनी लेन्स लावाल?

आमच्या पुण्याच्या घरी गौरींची आरती माजघरात होते. आरती सुरू झाली की आई ट्यूबलाइट बंद करायला लावते. मग उजेड उरतो तो दोन समयांचा आणि ताटातल्या निरांजनाचा. फिल्म 400 ची असेल तर अशा वेळी 2 च्या लेन्सवर हात थरथरतो (हा अपर्चरचा आकडा, तो जितका लहान तितका उजेड आत जास्त). 1.4 किंवा 1.5 असली तर 1/30 सेकंदावर निभावतं. मोठ्या अपर्चरची जुनी लेन्स घ्यायला माझं कारण एवढंच होतं, आणि तुमचंही बहुधा असंच काहीतरी असेल.

माझा कॅमेरा कॅनन पी, फिल्मचा रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून न पाहता वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस जुळवायचा कॅमेरा. त्याच्या खिडकीतून जग आहे त्याच आकाराचं दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. त्यावर मी 39 मिमी आट्यांच्या दोन लेन्स वापरल्या: 1956 ची ज्युपिटर-3 (50 मिमी 1.5) आणि कॅननची 50 मिमी 1.4. तुमच्याकडे लायका एम असेल तर अडॅप्टर लावून दोन्ही बसतात, आणि पुढे जे सांगतोय ते तिथेही जवळजवळ तसंच लागू होईल.

आधी ज्युपिटरबद्दल, कारण प्रेम तिच्यावर आधी बसलं. लुडविग बेर्टेले यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी झोनार ही रचना केली. ज्युपिटर ही तिचीच युद्धानंतरची सोव्हिएत बहीण. सात भिंगं, पण ती तीन गटांत चिकटवलेली, म्हणजे हवेला भिडणारे काचेचे पृष्ठभाग फक्त सहा. भिंगांवर कोटिंग नसायचं त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती, कारण प्रत्येक पृष्ठभागावर थोडा उजेड परावर्तित होऊन वाया जातो आणि चित्र फिकं पडतं. आजही समई फ्रेममध्ये असली तरी ज्युपिटरच्या सावल्या काळ्याच राहतात. पूर्ण उघडली की मध्यभागी चेहऱ्याभोवती हलकं तेज येतं आणि मागची भिंत, तोरण, माणसं सगळं मऊसूत मिसळून जातं. हे मी कॅननकडून मिळवायचा पुष्कळ प्रयत्न केला. तसं येत नाही.

कॅननची रचना दुसऱ्या घराण्यातली, डबल गॉस. सहा भिंगं, चार गट. पूर्ण उघड्यावर मध्यभाग स्पष्ट असतो, कोपरे जरा ढिले पडतात आणि 2.8 पासून तर कुठली तक्रारच करवत नाही. पार्श्वभूमी मात्र कधी कधी चुळबुळते. मागे पानं असतील किंवा दिव्यांची माळ, तर ठिपक्यांना कडा येतात. वजनही जास्त. ज्युपिटर ॲल्युमिनियमची, गळ्यात आहे हे विसरायला होतं. फिल्टरच्या बाबतीतही ज्युपिटर सोयीची. तिचा 40.5 मिमी फिल्टर सहज मिळतो, कॅननच्या 48 मिमीसाठी जरा शोधाशोध करावी लागते.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, मग ज्युपिटरच घ्या. मीही घेतली होती.

पहिल्या वर्षी गौरींना मोठ्या काकूचा फोटो काढला. ती ओवाळत होती, मी साधारण एक मीटरवर. खिडकीतल्या पिवळट चौकोनात तिच्या डोळ्यातल्या ज्योतीची दोन प्रतिबिंबं दिसत होती. ती सरकत सरकत एक झाली आणि मी बटण दाबलं. आठवड्यानं रोल धुऊन आला. निगेटिव्हवर लूप, म्हणजे भिंग, धरला तर कुड्यांचे मोती एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट, आणि डोळे विरघळलेले. पुढची फ्रेम तशीच, त्याच्या पुढचीही तशीच. सगळीकडे फोकस तीन-चार सेंटिमीटर पलीकडे पडलेला.

एक मीटरवर 1.5 ला स्पष्टतेची पट्टीच एकूण साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. तेवढी चूक म्हणजे फोटो गेलाच.

यात दोष माझ्या लेन्सचा नाही, कुणा कारखान्याचाही नाही. दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच. लायका पद्धतीच्या कॅमेऱ्यातला रेंजफाइंडरचा दांडा 51.6 मिमीच्या लेन्सच्या हिशोबानं चालतो. कॉन्टॅक्सची ‘50’ प्रत्यक्षात 52 च्या थोडी पुढे जाते, आणि ज्युपिटरनं तेच माप वारशात घेतलं. अनंतावर दोन्ही हिशोब जुळतात, पण जवळ येत जाल तसा फरक वाढत जातो. म्हणून लांबचे फोटो छान येतात आणि माणसांचे बिघडतात. मला तर लेन्स हवी होती माणसांसाठी.

मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, शटर बी वर (बटण दाबून ठेवेपर्यंत उघडं) धरलं, फिल्मच्या जागी मॅट सेलोटेप ताणून लावली आणि टेबलावर शिंप्याची टेप तिरकी ठेवून पाहिलं. 50 च्या आकड्यावर फोकस केला की सेलोटेपवर त्याच्या पलीकडचा 54 चा आकडा ठसठशीत दिसायचा. मग मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याकडून आतली चकती बदलून घेतली. त्यानं काम उत्तम केलं. एक मीटरवर उघड्या अपर्चरला फोकस अचूक आला, पण त्या बदल्यात पर्वतीवरून दिसणारं शहर 1.5 ला मऊ झालं. ते चालण्यासारखं होतं, एवढ्या लांबचा फोटो रात्री कोण काढतं?

पण झोनारला आणखी एक सवय आहे. अपर्चर लहान केलं की फोकस मागे सरकतो. म्हणजे 1.5 ला जुळवून घेतलेली लेन्स जवळच्या अंतरावर 2.8 ला कानांवर जाते. त्यात ज्युपिटरच्या अपर्चरच्या कड्याला टिचक्या नाहीत, अंधारात बोट लागून ते कधी फिरलं हेही समजत नाही. ‘आता उघडी आहे ना? मग तसंच. 2.8 आहे? मग जुळवून झाल्यावर किंचित मागे झुक.’ दर फोटोला मनात हा हिशोब. तोवर काकू ओवाळून पुढे गेलेली असते.

ही कटकट दुसऱ्या कुठल्याही कॅमेऱ्यावर मी सहन केली असती. एसएलआरमध्ये डोळा लेन्समधूनच पाहतो, चूक झाली तर समोर दिसते. रेंजफाइंडरवर लेन्स काय करते आहे हे तुम्हाला दिसतच नाही. तुम्ही एका वेगळ्या खिडकीतून पाहता आणि लेन्सच्या शब्दावर विश्वास ठेवता. म्हणून मला वाटतं, आणि तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, की रेंजफाइंडरसाठी लेन्स निवडताना बोके, म्हणजे पार्श्वभूमीचा मऊपणा, नंतर बघावा. तिचा शब्द खरा आहे का, हे आधी.

कॅनन लावली त्या वर्षीच्या रोलवर छत्तीसपैकी दोन फ्रेम फोकसमुळे गेल्या, आणि त्या दोन्ही वेळी मीच हललो होतो. ज्योत एक झाली, बटण दाबलं, डोळे स्पष्ट. 2.8 ला तसंच, 4 ला तसंच. त्या फोटोंत ज्युपिटरचं तेज नाही, हे मान्य. पण काकूच्या डोळ्यांत पाणी होतं ते कॅननमुळे दिसलं.

घ्यायचं ठरलंच तर दोन गोष्टी. कॅनन घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. आत धुकं असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीचीही भीती असते, तेव्हा घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. ज्युपिटर घेताना नंबराचे पहिले दोन आकडे पाहा, बहुतेकदा ते साल सांगतात. आणि ‘झाइस झोनार’ असं कोरलेली, आट्यांची, युद्धकाळातली म्हणून महाग विकली जाणारी लेन्स दिसली तर थांबा. त्यांतल्या कितीतरी मुळात ज्युपिटरच असतात, नाव नंतर कोरलेलं असतं.

तुमच्याकडे मिररलेस डिजिटल कॅमेरा असेल आणि लेन्स मुख्यतः त्यावरच लावायची असेल, तर माझा कौल उलटा समजा. तिथे पडद्यावर फोकस दिसतो, दोन मापांचा प्रश्नच मिटतो आणि ज्युपिटरचं सगळं सौंदर्य हाती लागतं. रेंजफाइंडरवर मात्र, थोडे जास्त पैसे जात असले तरी, मी कॅननच घ्या म्हणेन.

ज्युपिटर मी विकलेली नाही. ती भाचीला दिली आहे. यंदा गौरींना ती तिच्या मिररलेसवर लावून माझ्या शेजारीच उभी असेल.