शेडर कोअरसाठी १६, २४ की ३२ बिट?

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला एफपीजीएवर (हवं ते सर्किट पुन्हापुन्हा जुळवता येणाऱ्या चिपवर) छोटा जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, करायचा ठरवलात, तर त्याच्या शेडर कोअरमध्ये, म्हणजे चित्राचं गणित करणाऱ्या भागात, फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकी) संख्या किती बिटांच्या ठेवायच्या हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सोडवून टाका. नंतर बदलायचं म्हणजे सगळी पाइपलाइन उसवावी लागते. माझं मत आधीच सांगतो: व्हर्टेक्सला (आकारांच्या कोपऱ्यांच्या बिंदूंना) ३२ बिट, पिक्सेलला २४, आणि १६ फक्त रंगांपुरतं.

चिपवरच्या जागेचा हिशेब मँटिसावर, म्हणजे संख्येचे अंक ठेवणाऱ्या भागावर, ठरतो. छुपा बिट (न साठवता गृहीत धरलेला पहिला १) धरून १६ बिटांत तो ११ बिटांचा, २४ मध्ये (१ चिन्ह, ७ घातांक, १६ मँटिसा) १७ चा आणि ३२ मध्ये २४ चा. गुणकाची, म्हणजे गुणाकार करणाऱ्या सर्किटची, जागा साधारण याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १२१, २८९, ५७६. म्हणजे स्वतंत्र चिप बनवली तर ३२ बिटांचा गुणक १६ च्या जवळपास पावणेपाच पट. एफपीजीएवर मात्र गणित फिरतं. झायलिंक्सच्या ७ सिरीज एफपीजीएमधला डीएसपी ब्लॉक (तयार बसवलेला गुणक) चिन्हविरहित २४ गुणिले १७ पर्यंत एका दमात करतो. त्यामुळे मँटिसाच्या गुणाकाराला १६ बिटांना एक ब्लॉक, २४ बिटांनाही एकच, आणि ३२ ला दोन. जादा डीएसपी न लागता सहा बिट अचूकता मिळत असेल तर ती का सोडायची?

ती लागते कुठे, ते बघा. समजा तुमच्या डेमोत शनिवारवाड्याची तटबंदी आहे आणि दगडाचं ५१२ पिक्सेल रुंदीचं टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) भिंतभर पुन्हापुन्हा लावलंय. टेक्स्चर कोऑर्डिनेट (१ म्हणजे टेक्स्चरची एक पूर्ण रुंदी) ८ च्या पुढे गेला की १६ बिटांत दोन शेजारच्या संख्यांतलं अंतर १/१२८ होतं, म्हणजे एकदम चार टेक्सेलची (टेक्स्चरच्या पिक्सेलची) उडी. डावीकडची भिंत नीट दिसते आणि उजवीकडे जावं तसे दगडांचे ठोकळे होत जातात. २४ बिटांत त्याच जागी पायरी १/८१९२ ची, म्हणजे टेक्सेलचा सोळावा भाग. शेजारचे टेक्सेल मिसळणाऱ्या बायलिनिअर फिल्टरला तेवढं पुरतं.

रंगांची गोष्ट वेगळी. ०.५ ते १ मध्ये १६ बिटांची पायरी १/२०४८ आहे आणि पडद्यावर शेवटी २५६ छटाच जायच्या आहेत. तिथे ३२ बिट वापरणं म्हणजे रजिस्टर वाया घालवणं. फक्त १६ बिटांत मोठ्या बेरजा करू नका: २०४८ मध्ये १ मिळवला तरी उत्तर २०४८ च येतं.

२४ बिट ही काही नवी युक्ती नाही. २००२ च्या एटीआय रेडिऑन ९७०० या ग्राफिक्स कार्डच्या पिक्सेल शेडरमध्ये तेच होतं. एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्सकडे १६ आणि ३२ होते, मधलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ९ या ग्राफिक्स इंटरफेसने पूर्ण अचूकतेसाठी किमान २४ बिट मागितल्यावर जीफोर्सला ३२ वर जावं लागे आणि वेग पडे.

२४ ची खरी अडचण व्हेरिफिकेशनची, म्हणजे सर्किटची उत्तरं बरोबर आहेत का हे तपासण्याची. सी मध्ये तसा टाइपच नाही, तुलनेसाठीचं मॉडेल स्वतः लिहावं लागतं. गुणाकार डबलमध्ये (सी च्या ६४ बिटांच्या टाइपमध्ये) करून मग राउंड करा. १७ बिटांच्या दोन मँटिसांचा गुणाकार ३४ बिटांत मावतो, डबलकडे ५३ आहेत. १६ बिटांच्या गुणकाला सगळ्या जोड्या, सुमारे ४२९ कोटी, प्रत्यक्ष चालवून तपासता येतात. २४ ला ते जमणार नाही, तेव्हा शून्य, ओव्हरफ्लो आणि राउंडिंगच्या काठावरच्या केसेस हाताने लिहा. गाइडने आयईईई ७५४ (फ्लोटिंग पॉइंट संख्यांचं मानक) चीच अट घातली असेल, तर २४ बाद. मग पिक्सेललाही ३२ घ्या आणि कोअरची संख्या कमी करा.